येथे कौले फोडत नाहीत

आमच्या जुडोच्या मास्तरांना माणसांना ढकलायची खोड होती. भांडण नाही, राग नाही, काही नाही. बोलता बोलता खांद्याला तळहात लावायचा आणि द्यायचा धक्का. गोखिवऱ्यात त्यांच्याच एका विद्यार्थ्याच्या भावाची हळद होती. मांडवात बँजो वाजतोय, हा विद्यार्थी भज्यांचं ताट घेऊन पाहुण्यांकडे निघालाय, आणि मास्तर त्याला अडवून म्हणतात, "काय रे, बरा हायस ना?" पोरगा 'हो' म्हणेपर्यंत धक्का बसलेला. गेला पाठीवर. हनुवटी छातीला, हात फाट्कन जमिनीवर, डोकं मातीला लागलंच नाही. अगदी शिकवल्याबरहुकूम पडला. आणि ताट? ताट मास्तरांच्या हातात. एक भजं सांडलं नव्हतं. पोराची आई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली, तर हे तिलाच कौतुकानं सांगतात, "बघितलंस वैनी, कसा झ्याक पडला तुझा पोरगा!" त्या माउलीनं त्यांना जे काही सुनावलं, ते मला इथे लिहिता येणार नाही. मास्तरांनी ते सगळं भजी खात खात ऐकून घेतलं.

मीही त्यांचे असे धक्के पुष्कळ खाल्ले आहेत. वसईच्या बाजारात खाल्ले, बसस्टॉपवर खाल्ले, एकदा तर माझ्या हातात दह्याचं भांडं असताना खाल्ला. दही वाचलं नाही, मी वाचले. त्यावर त्यांचं म्हणणं, "दही परत लावता येतं." आता या माणसाशी वाद घालायचा तरी कसा?

त्यांच्याकडे जाण्याआधी माझ्याकडे ब्राऊन बेल्ट होता, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा नालासोपाऱ्यात इमारती आणि जुडो-कराटेचे क्लास एकाच वेगानं उगवत होते. आमच्या आचोळ्यात एक ग्रँडमास्टर होते. इमारतीच्या गच्चीवर क्लास, भिंतीवर फ्रेमच फ्रेम, आणि अंगावर असा काळा पोशाख, की गच्चीवर पापड वाळत घालायला आलेल्या बायका दबकून परत जायच्या. त्यांचे गुरू म्हणे हिमालयाच्या पायथ्याशी कुठेतरी होते. पायथा केवढा लांबलचक आहे हे भूगोलात शिकूनही आमच्यापैकी एकानंही 'नेमकं कुठे' असं विचारलं नाही. दर दोनचार महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलायचा. वर्षाच्या शेवटी हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचा आणि ग्रँडमास्टर मंगलोरी कौलांची चळत एका फटक्यात फोडायचे. ती कौलं त्यांचा पुतण्या आदल्या दिवशी मागच्या बाजूनं करवतीनं अर्धी चिरून ठेवायचा. हे आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक होतं! पण आम्हाला वाटायचं, तीच रीत असेल. जशी लग्नात अक्षता, तशी कराट्यात करवत.

मग एका संध्याकाळी ट्यूशनहून येताना एका टवाळानं माझी पर्स धरली. मी काय करावं? पाय फाकवून पवित्रा घेतला, दोन्ही मुठी कमरेला लावल्या आणि क्लासमध्ये ओरडायचो तशी आरोळी ठोकली. त्यानं पर्स सोडली नाही. उलट आता पुढे काय होतंय ते बघत उभा राहिला. पुढे काहीच नव्हतं हो! पुढचं ग्रँडमास्टरांनी शिकवलंच नव्हतं. कोपऱ्यावर निर्मळहून येणारी भाजीवाली मावशी बसायची. तिनं टोपलीतला दुधी उचलून त्याच्या कानशिलावर असा हाणला, की तो पर्स सोडून पळत सुटला. मावशी मला म्हणाली, "काय गं बाय, भर रस्त्यात नाच कसला करतेस?"

घरी येऊन मी तो ब्राऊन बेल्ट गादी बांधायला घेतला. आणि त्याच रात्री जेवताना जाहीर केलं, की मला खरं शिकायचंय. ज्याला खरं येतं अशा माणसाकडे शिकायचंय.

जाहीर करून आमच्या घरात काही होत नसे. ठरवायचे ते बाबा. कोकणातून मुंबईत, मुंबईतून आचोळ्यातल्या वन रूम किचनमध्ये, सगळं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलेलं, त्यामुळे दंतमंजन कुठलं आणायचं इथपासून सगळं तेच ठरवत. दहावीनंतर मी कॉमर्सला जाणार हे मला पेढ्यांबरोबरच कळलं. धाकटीला त्यांनी गाण्याच्या क्लासला घातली होती, आणि तिला सूर कशाशी खातात हे आजतागायत माहीत नाही. वाईट नव्हते हो ते. जीव टाकायचे आमच्यावर. फक्त आमच्या मनात आमचं स्वतःचं काही असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. ते म्हणाले, "एकदा फसलो. दुसऱ्यांदा फसायला मी काय खुळा आहे?" मग थोड्या वेळानं ताटात हात धुता धुता म्हणाले, "कोणी खरा असेल तर दाखव. मी स्वतः येऊन बघेन."

खरा कोण, हे ओळखायचं कसं? आधी जिथे जिथे गेले तिथे तिथे फ्रेमा होत्या. एकानं सांगितलं, आमची विद्या इतकी जहाल आहे की ती दुसऱ्यावर वापरून दाखवता येत नाही. दुसऱ्याकडे बोर्डच होता, एका वर्षात ब्लॅक बेल्टची हमी. शेवटी कॉलेजातली एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या गावात एक येडा मास्तर आहे. पण तो नुसतं पडायलाच शिकवतो." मी म्हटलं, चला, निदान काहीतरी शिकवतो तरी.

गोखिवऱ्याच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला, जिथे कारखाने संपून भातशेती सुरू व्हायची तिथे मास्तरांचं घर. सकाळी ते जवळच्याच एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात बादल्यांच्या मशीनवर असत, संध्याकाळी घरामागच्या खळ्यात जुडो. फाटकाला पत्र्याचा बोर्ड होता, त्यांच्याच हातानं रंगवलेला. वर क्लासचं नाव नाही की मास्तरांचं नाही. नुसतं लिहिलेलं:

'येथे कौले फोडत नाहीत. पट्टा मिळत नाही. बघायला कोणीही यावे.'

बाबांनी तो बोर्ड चष्मा काढून वाचला, चष्मा लावून वाचला. आत गेल्यावर त्यांनी उलटतपासणीच सुरू केली.

"कुणाकडे शिकलात?"

मास्तरांनी सरळ सांगितलं. तरुणपणी गोदीत कामाला होते, तिथल्या व्यायामशाळेत शिकले. गल्ली सांगितली, शिकवणाऱ्याचं नाव सांगितलं, त्याच्या बिऱ्हाडाचा मजला सांगितला. "जित्ता हाय म्हातारा अजून. रविवारी चला, तोंडावर इचारा, हा पोरगा तुमचाच का म्हनून."

"ब्लॅक बेल्टला किती वेळ लागेल?"

"ठाऊक नाय."

"अंदाजे?"

"साहेब, पोरगी अजून एकदाबी पडली नाय माझ्यासमोर. अंदाज कशाचा सांगू?"

"मग हिला स्वसंरक्षण म्हणून नेमकं काय शिकवणार?"

"पयलं पळायला. मग पडायला. त्याच्यापुढं जसं जमंल तसं." आणि मग मास्तर जरा कडक आवाजात म्हणाले, "एक सांगतो. कवाही या, न सांगता या, कुठंही उभं राहून बघा. जो मास्तर आईबापाला भायेर बसवतो ना, त्याच्याकडं पोर ठेवू नका. माझ्याकडंबी नको."

परतताना बाबांनी दोनदा मागे वळून त्या बोर्डाकडे बघितलं. मग म्हणाले, "माणूस सरळ दिसतो. तो ग्रँडमास्टरही सरळच दिसत होता." आणि निकाल दिला. पुढच्या वर्षी तालुक्याची जुडोची स्पर्धा आहे, तोवर जा. तिथे काय शिकलीस ते दिसू दे. नाही दिसलं तर क्लास बंद, आणि पुन्हा हा विषय नको. बाबांचा शब्द म्हणजे शब्द. त्यामुळे मला माझी मुदत पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

मास्तरांच्या खळ्यात मॅट नव्हती, पेंढा होता. भात झोडून झालं, की मास्तर चांगला कोरडा पेंढा खळ्यात हातभर पसरायचे, आम्ही पोरं त्यावर नाचून तो दाबायचो, वरून ताडपत्री ताणून चारी बाजूंनी खुंट्या. झाली मॅट. उन्हात तिचा असा काही खमंग वास यायचा, की पडल्यावर उठावंसं वाटू नये. अडचण एकच, मास्तरांची आई. घरात दोन म्हशी होत्या आणि म्हातारीच्या लेखी पेंढा म्हणजे म्हशींचा घास. ती ओट्यावर बसून आम्हाला ऐकू येईल असं बोलायची, "म्हशीच्या तोंडचा पेंढा काढला नि लोकांच्या पोरांच्या बुडाखाली घातला! पानी पिऊन दूध देतील काय म्हशी?" एकदा रात्रीची म्हैस सुटली आणि तिनं ताडपत्रीखाली तोंड घालून मॅटचा एक अख्खा कोपरा फस्त केला. सकाळी मास्तर त्या खड्ड्याकडे बघत उभे, आणि म्हातारी ओट्यावर खूश. मास्तर म्हणाले, "आये, तुझ्या म्हशीला तरी माझा क्लास आवडला." ती हसली. मला वाटतं त्या दिवसापासून तिचा विरोध मावळला, पण बोलायची ती थांबली नाही.

या पेंढ्यावर मी पडत होते. संक्रांत आली, गेली. शिमगा झाला. मी पडतच होते. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं, कोणी ढकलल्यावर पडायचं, पळता पळता पडायचं. घरी पलंगावरून पडायचा सराव केला तर खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या. "मास्तर, पाडायला कधी शिकवणार?" असं मी रोज विचारायचे आणि मास्तर रोज तेच सांगायचे, "पोरी, मानूस येतो नि जातो. जमीन कुठं जात नाय. तिच्याशी पयलं जमवून घे." कौतुक म्हणून करायचे नाहीत. चुकलं की मात्र पार ओट्यावरून ओरडायचे, आणि तोंडात सदानकदा शेंगदाणे असल्यामुळे ओरडण्याबरोबर शेंगदाणेही यायचे. हट्टी होते, तिरसट होते. मी दोनदा चिडून 'आता परत येणार नाही' म्हणून निघून गेले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आपली हजर. स्पर्धा जवळ आली तेव्हा कुठे त्यांनी बाही ओढून कंबरेवर घ्यायचा एकच डाव शिकवला.

पालकही चिडायचेच. ग्रँडमास्टरांकडच्या पोरांचे पट्टे हिरवे, निळे होत चाललेले, आमची पोरं आपली पांढरी ती पांढरीच. एका आईनं गयावया केली, "निदान पिवळा तरी द्या हो, सोसायटीत विचारतात." मास्तर म्हणाले, "बाजारात मिळतो ना. घ्या नि बांधा. पँट सुटनार नाय." ती बाई पोराला घेऊन गेली. अशी बरीच गेली. स्पर्धेच्या वेळेपर्यंत आम्ही इतके थोडे उरलो होतो, की सगळे एका टेम्पोत मावलो आणि वर मास्तरांची आईही मावली.

स्पर्धा वसईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. खऱ्या मॅट बघून आमचे डोळे फिरले. ग्रँडमास्टर आपल्या फौजेसह आलेले, नवेकोरे पोशाख, पाठीवर छापलेली नावं. बाबा शर्टाला इस्त्री करून मागच्या रांगेत ताठ बसलेले. गेलेल्या पालकांपैकीही बरेच आले होते, आमचं काय होतंय ते बघायला.

सकाळीच ग्रँडमास्टरांचा एक मुलगा पडताना हात टेकून पडला आणि त्याचं कोपर निखळलं. त्याला उचलून नेलं. मास्तर शेंगदाणे खायचे थांबले. ते उठून ग्रँडमास्टरांकडे गेले, पंचांकडे गेले, हातवारे करून काहीतरी सांगत होते. पंच म्हणाले, खेळात लागतंच. ग्रँडमास्टर म्हणाले, तुमची पोरं हरतील म्हणून भीती वाटते काय? मास्तर परत येऊन आम्हाला एवढंच म्हणाले, "त्या पोरांना कुनी पडायलाच शिकवलेलं नाय." पुढे शेंगदाण्यांची पुडी त्यांनी उघडलीच नाही.

दुपारी माझी लढत लागली ती त्यांच्याच एका ब्राऊन बेल्टवालीशी. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा दणकट. पण तिनं माझी कॉलर धरली त्या क्षणी मला कळलं, की हिच्या पायात काहीच नाही. मी जिथे नेईन तिथे ती येत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या अंगातून कळत होतं, की मला येतंय! खरंच येतंय! तिची बाही ओढली, वळले, कंबर तिच्या पोटाखाली घातली, तिचे पाय जमिनीवरून सुटले. एवढं पाठीवर टाकलं की जिंकलं. क्लास राहिला, बाबांना दिसलं, सगळं झालं. आणि तेवढ्यात तिनं घाबरून मोकळा हात ताठ करून खाली जमिनीकडे लांबवला.

"सोड!" मास्तर ओरडले. "सोड तिला!"

मला समजायच्या आधी माझ्या हातांनी सोडलं. ती पायांवर आली आणि घाबरून तिनं मला मागे खेचलं. मी वळलेली, तोल गेलेला, पडले सपशेल पाठीवर. छान पडले, काही लागलं नाही. पंचांचा हात वर गेला. ती जिंकली होती.

मला काय वाटलं ते सांगायला नको. रडू आलं, संतापानं आलं. मी ओरडले, "मास्तर, मी जिंकत होते!" 

"व्हय. जिंकली असतीस," ते म्हणाले, "नि तिचा हात मोडला असता." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला तिथेच सोडून ते सरळ मॅटवर चढले, त्या मुलीकडे. ती जिंकूनही कोपर पोटाशी धरून उभी होती.

"पोरी, पडताना हात टेकायचा नाय, हे तुला कुनी सांगितलं नाय?"

ती म्हणाली, "सर म्हणतात, आपण पडायचंच नाही."

मास्तर खाली बसले. तिला बसवलं. हनुवटी छातीला, हात असा, बाजूला, तळवा उघडा, फाट्. परत. फाट्. माइकवरून ओरडा सुरू झाला, मास्तर मॅट रिकामी करा, पुढची जोडी उभी आहे. ग्रँडमास्टर तरातरा आले, आमच्या विद्यार्थिनीला तुम्ही शिकवणारे कोण? मास्तर मान वर न करता म्हणाले, "तुमचीच हाय ती. घेऊन जा. पन दोन मिन्टं थांबा, हात तिचा हाय." सगळा हॉल बघत होता आणि ती मुलगी मॅट थापटत होती. परत परत. हळूहळू तिचा हात नीट पडायला लागला. ते बघताना माझाही राग कुठे गेला कोण जाणे. मला वाटलं, हाच. मी शोधत होते तो हाच. आणि आता हा सुटणार.

कारण बाबा येताना दिसले. रांगांमधून वाट काढत, चष्मा पुसत. मी पिशवी आवरायला घेतली. 'चल घरी' हे दोन शब्द मला आधीच ऐकू येत होते. पण ते माझ्यापाशी थांबले नाहीत. मॅटच्या कडेशी गेले, चपला काढल्या आणि उभे राहिले.

"मास्तर."

"बोला साहेब. हरली तुमची पोरगी."

"बघितलं मी." बाबांनी चष्मा परत लावला. "सगळं बघितलं. घरी धाकटी आहे माझी. तिचं गाणं बंद करतो आणि उद्यापासून तिलाही तुमच्याकडे आणतो."

मास्तर त्या मुलीचं कोपर हातात धरून बसलेले. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तिला इचारलं?"

"अं?"

"धाकटीला. इचारलं का, येतेस का म्हनून?"

 बाबांशी कोणीतरी अनोळखी भाषेत बोलल्यासारखं झालं असावं. ते तसेच अनवाणी उभे होते, एक हात खिशात. मग ते हळूच माझ्याकडे वळले.

"तुला..." ते म्हणाले, आणि थांबले. "तुला जायचंय ना गं, पुढे, यांच्याकडे?"

मी नाक पुसलं आणि 'हो' म्हटलं.